अस्तित्वातच नसलेल्या सहलीची जाहिरात करणारा माणूस : न्गोरोंगोरोच्या कड्यावर विसावलेल्या बापलेकाची गोष्ट

टांझानियाच्या सफारीचं कुठलंही पॅकेज उघडून बघा. किलिमंजारो विमानतळ, आरुशा शहर, तिथून न्गोरोंगोरोचं क्रेटर आणि मग सेरेनगेटी. दिवस थोडे मागेपुढे होतात, मुक्कामाची हॉटेलं बदलतात, पण मार्ग साधारण हाच. सूचनाही ठरलेल्या असतात. जून ते ऑक्टोबर कोरडा हंगाम, प्राणी चटकन दिसतात. जानेवारी ते मार्च न्डुटूच्या माळावर वाइल्डबीस्टची पिल्लं जन्माला येतात. क्रेटरमध्ये सकाळी सहाला उतरायचं आणि संध्याकाळी सहाच्या आत वर यायचं, तळाशी मुक्कामाला परवानगी नाही. थंडीचे कपडे विसरू नका, कारण क्रेटरचा कडा समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून जास्त उंच आहे आणि आफ्रिका म्हणजे उकाडा ही समजूत तिथे पहिल्याच पहाटे मोडते.

आज हे सगळं इतकं सरळसोट वाटतं की या पॅकेजचाही कुणी जनक असेल असं मनात येत नाही. पण मंडळी, सामान्य नोकरदार माणसालाही परवडेल अशी पूर्व आफ्रिकेची सहल सगळ्यात आधी ज्यानं लोकांच्या डोक्यात भरवली, तो कुणी ट्रॅव्हल एजंट नव्हता. तो जर्मनीतला एक जनावरांचा डॉक्टर होता. आणि गंमत म्हणजे त्यानं ज्या सहलीची टीव्हीवरून माहिती दिली, ती तेव्हा अस्तित्वातच नव्हती!

त्यांचं नाव बर्नहार्ड ग्झिमेक.

२४ एप्रिल १९०९ रोजी नाइसे गावात त्यांचा जन्म झाला. हे गाव तेव्हा जर्मनीत होतं, आता पोलंडमध्ये आहे. वडील वकील होते, पण मुलगा अगदी लहान असतानाच ते गेले. बर्नहार्डला लहानपणापासून कोंबड्या पाळायचा नाद. पुढे पशुवैद्यकाचं शिक्षण घेतलं ते लाइपझिग आणि बर्लिनमध्ये, आणि १९३३ साली डॉक्टरेट मिळाली ती कोंबडीच्या रक्तवाहिन्यांवरच्या अभ्यासासाठी. सिंह, हत्ती, गेंडा यांच्या नावानं पुढे जगभर ओळखल्या जाणाऱ्या माणसाची सुरुवात खुराड्यातून झाली.

नंतरची बारा वर्षं बर्लिनच्या सरकारी खात्यात गेली. अंड्यांची प्रतवारी, गुरांचे रोग असं रुक्ष काम. ही बारा वर्षं म्हणजे हिटलरची बारा वर्षं, हे लक्षात घ्यायला हवं. ग्झिमेक नाझी पक्षाचे सभासद असल्याच्या नोंदी आहेत. त्यांनी ते पुढे नाकारलं. युद्धानंतर याच कारणावरून अमेरिकी लष्करी प्रशासनानं त्यांना काही काळ पदावरून दूरही केलं होतं, पण १९४८ साली ते परत आले. दुसरीकडे, बर्लिनमध्ये लपून राहिलेल्या ज्यूंना अन्न पुरवल्याच्या संशयावरून १९४५ च्या सुरुवातीला गेस्टापोनं त्यांच्या घरावर छापा घातला आणि त्यांना शहर सोडावं लागलं, हेही त्यांच्या चरित्रात येतं. माणूस सरळ रेषेत बसणारा नव्हता, आणि पुढेही बसला नाही.

मे १९४५. युद्ध संपत होतं आणि फ्रँकफर्ट शहर ढिगाऱ्याखाली होतं. तिथलं प्राणिसंग्रहालय बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेलं, आणि वाचलेले मोठे प्राणी जेमतेम वीस. शहराकडे माणसांना घालायला अन्न नव्हतं, जनावरांचं काय घेऊन बसलात? संग्रहालय कायमचं बंद करायचं घाटत होतं. नवे संचालक म्हणून आलेल्या ग्झिमेक यांनी बॉम्बचे खड्डे बुजवले आणि १ जुलै १९४५ ला दारं उघडलीसुद्धा. पण बघायला प्राणीच नाहीत तर लोक येणार कशाला? म्हणून त्यांनी आवारात जत्रा भरवली. सर्कस, नाच, नाटकवाले, पाळणे. भुकेल्या आणि दमलेल्या शहराला करमणूक हवी होती, ती मिळाली. तिकिटांच्या पैशांवर जनावरं जगली. लोकांना खेचून आणायचं आणि त्यांचा पैसा प्राण्यांच्या कामी लावायचा, ही युक्ती ग्झिमेक यांनी तिथे शिकली आणि आयुष्यभर वापरली. या पदावर ते १९७४ पर्यंत, म्हणजे तब्बल २९ वर्षं राहिले.

संग्रहालयासाठी प्राणी आणायचे म्हणून पन्नासच्या दशकात त्यांच्या आफ्रिकेच्या वाऱ्या सुरू झाल्या. सोबत धाकटा मुलगा मिखाएल असायचा. हा १९३४ चा जन्म. कॅमेऱ्याचं वेड, धाडसाची हौस आणि वडिलांशी मुलापेक्षा मित्रासारखं नातं. आफ्रिकेत बापलेकांना दिसलं ते वेगळंच. रान झपाट्यानं आक्रसत होतं. वडिलांनी त्यावर पुस्तक लिहिलं, त्यावरून मिखाएलनं काढलेला चित्रपट १९५६ मध्ये आला. वन्य प्राण्यांना आता जागाच उरली नाही, असा त्याचा आशय. बर्लिनच्या महोत्सवात त्याला पारितोषिक मिळालं, गल्लाही चांगला जमला.

आता या पैशांचं करायचं काय? बापलेकांनी ठरवलं की सेरेनगेटीला लागून जमीन विकत घेऊन द्यायची.

इथे थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. टांझानियाला तेव्हा टांगानिका म्हणत आणि राज्य ब्रिटिशांचं होतं. सेरेनगेटी राष्ट्रीय उद्यान १९५१ मध्ये आखलं गेलं, तेव्हा न्गोरोंगोरोचं क्रेटरही त्याच्याच हद्दीत होतं. हे क्रेटर म्हणजे वीस-तीस लाख वर्षांपूर्वी एक प्रचंड ज्वालामुखी आतल्या आत ढासळून तयार झालेली परात. रुंदी सुमारे १९ किलोमीटर, खोली ६०० मीटर, तळाचं क्षेत्र २६० चौरस किलोमीटरच्या आसपास. तळाशी गवताळ माळ, एक खारट तळं, थोडं जंगल आणि हजारो प्राणी. जिराफ मात्र तळाशी शोधूनही सापडत नाहीत, हे सफारीला गेलेल्यांना हमखास सांगितलं जातं.

पण इथे फक्त प्राणी नव्हते, मसाई लोकही होते. गुरंढोरं घेऊन फिरणारे, माळाच्या गवतावर आणि क्रेटरच्या पाण्यावर जगणारे. उद्यान झालं तरी ते तिथेच होते आणि कुरबुरी वाढत होत्या. ब्रिटिशांनी तोडगा काढला तो वाटणीचा. सेरेनगेटीचा पश्चिमेकडचा भाग फक्त प्राण्यांना द्यायचा, आणि पूर्वेकडचा पठारी भाग, क्रेटरसकट, वेगळा काढून तिथे मसाईंना गुरांसह राहू द्यायचं.

ग्झिमेक यांना हे अजिबात मान्य नव्हतं. उद्यान कापलं तर कळप मरतील, असं त्यांचं म्हणणं. पण जमीन विकत घेण्याचा त्यांचा प्रस्ताव ऐकून टांगानिकाच्या राष्ट्रीय उद्यानांचे संचालक पीटर मोलॉय यांनी दुसराच सल्ला दिला. पैसे जमिनीत घालू नका. इथे किती प्राणी आहेत आणि ते वर्षभर कुठून कुठे जातात, हेच कुणाला ठाऊक नाही, ते आधी शोधून द्या. हद्द कुठे आखायची हे त्यावरून तरी ठरेल.

सल्ला रास्त होता. पण एवढ्या अफाट माळरानावर जनावरं मोजायची कशी? जीपनं मोजायला गेलं तर मोजून झालेला कळपच पुन्हा पुढ्यात यायचा. उत्तर एकच होतं, विमान. बापलेकांनी मग विमान चालवायला शिकून घेतलं! डॉर्निअर कंपनीचं एक छोटं विमान घेतलं, जे खडबडीत माळावरही उतरू शकेल. त्याला झेब्र्यासारखे काळेपांढरे पट्टे रंगवले. नोंदणी क्रमांक होता डी-ईएनटीई, आणि जर्मनमध्ये एंटे म्हणजे बदक. तर अशा या झेब्र्याच्या रंगाच्या बदकात बसून डिसेंबर १९५७ मध्ये पन्नाशीला टेकलेला बाप आणि तेवीस वर्षांचा मुलगा फ्रँकफर्टहून निघाले, भूमध्य समुद्र आणि वाळवंट ओलांडून थेट सेरेनगेटीत उतरले.

जानेवारी १९५८ मध्ये मोजणी झाली. माळाचे भाग पाडायचे, विमान कमी उंचीवरून सरळ पट्ट्यांत न्यायचं, दोन्ही खिडक्यांतून दिसतील ते प्राणी मोजायचे. दिवसेंदिवस हेच. ऐकायला रोमांचक वाटतं, पण खाली हलणारे ठिपके तासन्‌तास मोजणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. हाती आकडा आला ३,६६,९८०. त्यात वाइल्डबीस्ट ९९,४८१.

त्याआधी लोक अंदाजानं दहा लाखांच्या वर बोलत असत, त्यामुळे हा आकडा धक्कादायक होता. खरं सांगायचं तर तो पुढे कच्चाच ठरला. तीनच वर्षांनी झालेल्या दुसऱ्या हवाई मोजणीत एकट्या वाइल्डबीस्टची संख्या अडीच लाखांच्या पुढे गेली. पण आकड्यापेक्षा मोठी गोष्ट होती ती पद्धत. आधी मोजा, मग बोला, हा पायंडा सेरेनगेटीत या पितापुत्रांनी पाडला. जनावरांना गुंगी देऊन गळ्यात रंगीत पट्टे अडकवणं, कुठल्या महिन्यात कळप कुठलं गवत खातो हे नकाशावर उतरवणं, मातीचे आणि गवताचे नमुने तपासणं, हे सगळं त्यांनी केलं. त्यातून निघालेला निष्कर्ष पक्का होता. कळप वर्षातले काही महिने नेमके त्या भागात काढत होते, जो कापून टाकायचं सरकारनं ठरवलं होतं.

मग आला १० जानेवारी १९५९ चा दिवस.

मिखाएल एकटाच विमान घेऊन निघाला होता. बर्नहार्ड सोबत नव्हते. न्गोरोंगोरोच्या उत्तरेला उडत असताना एक गिधाड विमानाच्या पंखावर आदळलं. पंखाचा पत्रा वाकला, विमान वळवणारी तार अडकली आणि विमान सरळ जमिनीवर कोसळलं. मिखाएल जागीच गेला. चोवीस वर्षांचा होता. घरी बायको होती, एक लहान मुलगा होता, आणि दुसरं मूल व्हायचं होतं. त्याला पुरलं ते क्रेटरच्या कड्यावर, जिथून खालचा सगळा माळ एका नजरेत मावतो. कबरीवर दगडांचा एक साधा मनोरा रचला.

अशा वेळी दुसरा कुणी गाशा गुंडाळून परत गेला असता. बर्नहार्ड ग्झिमेक यांनी मुलाचं अर्धवट राहिलेलं काम हाती घेतलं. त्याच वर्षी पुस्तक आलं आणि चित्रपटही आला, दोन्हींचं नाव ‘सेरेनगेटी मरता कामा नये’ अशा अर्थाचं. एप्रिल १९६० मध्ये या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर मिळालं. युद्धानंतरच्या पश्चिम जर्मनीचं ते पहिलं ऑस्कर. पुस्तकाची भाषांतरं जगभर झाली, सेरेनगेटी हे नाव घराघरांत पोचलं.

उद्यान मात्र वाचलं नाही, म्हणजे ज्या अर्थानं त्यांना वाचवायचं होतं त्या अर्थानं. १९५९ मध्येच ब्रिटिशांनी ठरल्याप्रमाणे न्गोरोंगोरो वेगळं काढलं. सेरेनगेटीला बदल्यात उत्तरेकडचा, केनियाच्या सीमेपर्यंतचा पट्टा मिळाला. ऑस्कर मिळालं तेव्हा निकाल लागून गेलेला होता.

आणि इथेच ग्झिमेक यांच्या गोष्टीची दुसरी बाजू समोर येते. मसाई आणि त्यांची गुरं यांच्याबद्दल त्यांची भूमिका कठोर होती. राष्ट्रीय उद्यानात माणूस नकोच, मग तो गोरा असो वा काळा, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारा असो वा नसो, असं ते मानत. त्यांच्या चित्रपटात सेरेनगेटी दिसते ती जवळपास निर्मनुष्य, जणू माणसाचा हातच न लागलेली. प्रत्यक्षात तो माळ आज जसा आहे, त्यात गुराख्यांनी पेटवलेल्या गवताचा आणि चरणाऱ्या गुरांचा मोठा वाटा आहे, असं पुढच्या अनेक अभ्यासकांनी दाखवून दिलं. १९५८ मध्ये मसाई वडीलधाऱ्यांनी सेरेनगेटीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सह्या केल्या, त्या न्गोरोंगोरोत राहू देण्याच्या भरवशावर. १९७४ मध्ये क्रेटरच्या तळाशी राहणाऱ्या मसाईंनाही तिथून हलवण्यात आलं, पुढच्या वर्षी शेतीवर बंदी आली. हे निर्णय ग्झिमेक यांनी घेतले नाहीत, पण ज्या विचारातून ते घेतले गेले, त्या विचाराचे ते जगातले सर्वात लोकप्रिय प्रचारक होते.

गंमत बघा, जे कळप मरतील अशी त्यांना भीती होती, ते वाढले. आज सेरेनगेटी-न्गोरोंगोरोच्या परिसरात वाइल्डबीस्ट सुमारे तेरा लाख मानले जातात. याचं मोठं कारण हद्दीत नाही, तर रोगात होतं. रिंडरपेस्ट म्हणजे आपल्याकडची बुळकांडी. हा गुरांचा रोग वाइल्डबीस्टच्या पिल्लांनाही मारत होता. साठच्या दशकात आजूबाजूच्या गुरांना लस टोचण्याचा परिणाम झाला, रोग हटला आणि कळप फुगले. पशुवैद्य असलेल्या ग्झिमेक यांना मसाईंची गुरं ही रानाची शत्रू वाटत होती, आणि त्याच गुरांना दिलेल्या लशीनं रान भरलं!

डिसेंबर १९६१ मध्ये टांगानिका स्वतंत्र झाला. गोरे गेले की उद्यानं संपली, असं युरोपात तेव्हा उघड बोललं जायचं. ग्झिमेक यांनी रडत बसण्यापेक्षा ज्युलिअस न्येरेरे यांच्याशी संधान बांधलं. त्यांचा मुद्दा व्यवहारी होता. हिरे आणि तागासारख्या पिकाप्रमाणे सिंह-हत्तीही परकीय चलन आणू शकतात, फक्त पर्यटक यायला हवेत. न्येरेरे यांना स्वतःला जंगलात फिरायची हौस नव्हती, पण हिशेब पटला. पुढच्या काही वर्षांत मिकुमी, रुआहा अशी नवी उद्यानं झाली. गोऱ्यांच्या भविष्यवाण्या खोट्या पडल्या.

आता पर्यटक आणायचे कुठून? इथे ती टीव्हीची गोष्ट येते. ऑक्टोबर १९५६ पासून ग्झिमेक जर्मन टीव्हीवर प्राण्यांचा कार्यक्रम करत. साधा सूट, टाय, संथ आणि किंचित नाकातला आवाज, आणि टेबलावर चक्क एखादा चित्ता किंवा माकड. माकड टाय ओढतंय आणि हे निवांत बोलताहेत. तीस वर्षं, पावणेदोनशेच्या आसपास भाग. लोरिओ या विनोदवीरानं तर त्यांची नक्कल करत दगड खाणारी उवा असा एक काल्पनिक प्राणी सादर केला आणि तो इतका गाजला की एका नामांकित वैद्यकीय कोशात त्याची थट्टेखातर नोंद झाली. प्रत्येक भागाच्या शेवटी ग्झिमेक वन्य प्राण्यांसाठी देणगी मागत, आणि फ्रँकफर्टच्या प्राणिशास्त्र संस्थेकडे पैसे येत राहत.

अशाच एका भागात त्यांनी सहज सांगावं तसं सांगून टाकलं, की आता पूर्व आफ्रिकेची काही आठवड्यांची सहल ठरावीक रकमेत करता येते. अशी सहल कुणीच काढत नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून लोक ट्रॅव्हल कंपन्यांकडे चौकशा करू लागले. गिऱ्हाईक दारात उभं म्हटल्यावर कंपन्यांनी सहली खरोखरच आखल्या. तोवर आफ्रिकेची सफारी म्हणजे बंदूकधारी श्रीमंतांचा शौक होता. आता कॅमेरा गळ्यात घालून कारकून, शिक्षक, निवृत्त जोडपी जाऊ लागली. खोटं बोलून चांगलं काम केलं म्हणायचं की काय, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

१९७० च्या सुमारास पश्चिम जर्मनीच्या सरकारनं त्यांना निसर्गरक्षणासाठी खास प्रतिनिधी नेमलं. सरकार ऐकत नाही म्हणून १९७३ मध्ये त्यांनी पद सोडलं. कॅनडातल्या सीलच्या पिल्लांच्या कत्तलीवर टीव्हीवरून झोड उठवली. पिंजऱ्यात कोंबून ठेवलेल्या अंड्याच्या कोंबड्यांसाठी इतक्या तिखट शब्दांत भांडले की पोल्ट्रीवाले कोर्टात गेले. कधीकाळी सरकारी खात्यात बसून अंड्यांचे नियम करणारा माणूस म्हातारपणी पुन्हा कोंबड्यांकडेच वळला होता. मधल्या काळात तेरा खंडांचा प्राणिकोशही संपादित करून झाला.

घरातलं आयुष्य सरळ नव्हतं. पहिली पत्नी हिल्डेगार्ड यांच्याशी १९७३ मध्ये घटस्फोट झाला आणि १९७८ मध्ये त्यांनी मिखाएलच्या विधवेशी, म्हणजे स्वतःच्या सुनेशी लग्न केलं. जर्मनीत तेव्हा यावर भरपूर चर्चा झाली.

१३ मार्च १९८७ रोजी फ्रँकफर्टमध्ये सर्कशीत वाघांचा खेळ बघताना ग्झिमेक खुर्चीतच गेले. सोबत लहान मुलं होती. वय ७७. त्यांची रक्षा टांझानियाला नेऊन न्गोरोंगोरोच्या कड्यावर मिखाएलशेजारी ठेवण्यात आली.

न्गोरोंगोरो १९७९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. सुमारे ८,३०० चौरस किलोमीटरच्या या संरक्षित क्षेत्रात मसाई अजूनही गुरं चारतात. पण २०२२ पासून सरकार हजारो मसाई कुटुंबांना टांगा प्रांतातल्या म्सोमेरा गावी हलवत आहे. हे स्थलांतर स्वेच्छेनं आहे असं सरकार म्हणतं, दबावानं आहे असं अनेक मसाई आणि मानवाधिकारवाले म्हणतात. १९५८ मध्ये दिलेल्या शब्दाचा दाखला या वादात पुन्हा पुन्हा निघतो.

सफारीला गेलात तर लोडुआरे फाटकातून आत शिरल्यावर गाडी धुक्यातून, दाट झाडीतून वळणं घेत कड्यावर चढते. पहिल्या थांब्यावर सगळे क्रेटरचे फोटो काढतात. दगडी मनोरा तिथून कड्याच्या रस्त्यालगतच आहे. परवाना तासांच्या हिशेबानं असल्यामुळे बरेच चालक तिथे थांबत नाहीत. थांबायचं असेल तर निघतानाच सांगून ठेवा.